पी-५३ चा पहारा आणि आमच्या भगिनींचा अंगठा

गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाईबद्दल आपल्या वस्त्यांत आजही दबक्या आवाजात बोलले जाते. कुणी मागच्या जन्माचे पाप म्हणतो, कुणी सरळ तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे ऐकू येते, म्हणून आम्हाला हा विषय घ्यावा लागत आहे. कारणाशिवाय कार्य नाही असे सांगणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी. या रोगाचे कारण विज्ञानाला कळून तीन तपे उलटत आली, तरी आपण अजून पापपुण्यातच अडकलेलो!

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा अख्खा ग्रंथ असतो, पण त्याची सगळी पाने एकाच वेळी उघडत नाहीत. कोणते पान केव्हा उघडायचे याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञ ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पी-५३ हे त्यांपैकी एक. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी-५३ चे प्रमाण वाढते आणि ते जनुकांना हुकूम सोडते : विभाजन थांबवा, दुरुस्ती करा. बिघाड दुरुस्तीपलीकडचा असेल तर त्या पेशीने स्वतःच मरावे, असाही हुकूम निघतो. एक पेशी मरते म्हणून माणूस वाचतो. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडले तेव्हा तेच कर्करोग घडवते असा समज झाला आणि तो दहा वर्षे टिकला. १९८९ मध्ये उलगडा झाला की हा तर पहारेकरी! निरपराध माणूस वर्षानुवर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला आम्ही वकील रोज पाहतो, त्यामुळे या प्रथिनाबद्दल आम्हाला थोडी जास्तच आपुलकी आहे.

माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुकच बिघडलेले असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र ते बहुधा शाबूत असते. तिथे घात करतो तो एचपीव्ही हा विषाणू. त्याचे ई-६ नावाचे प्रथिन पेशीच्याच एका प्रथिनाला हाताशी धरते आणि पी-५३ वर 'टाकाऊ' असा शिक्का मारून घेते. हे १९९० मध्ये उघड झाले. दुसरे प्रथिन ई-७. ते आरबी नावाच्या पहारेकऱ्याला पकडते. आरबीने दाबून धरलेला, वाढीचे हुकूम देणारा ई-टू-एफ त्यामुळे मोकाट सुटतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्वत्र आहे की आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही त्याची लागण होते. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यात कर्करोग व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. म्हणजे तपासणीला दहा-वीस वर्षांची मुदत मिळते. आता सांगा, यात पाप कुठे आले आणि चारित्र्य कुठे आले?

या ज्ञानाचा मोठा भाग ज्या पेशींवर उभा आहे त्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब काळ्या स्त्रीच्या. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी घेतला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली, वय अवघे ३१. तिच्या पेशी 'हेला' या नावाने जगभर विकल्या गेल्या, त्यांवर संशोधकांच्या पिढ्या घडल्या, आणि तिच्या मुलाबाळांना हे १९७० च्या दशकात कळले. हेलामध्ये एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. पी-५३ चे जनुक तिथेही शाबूत आहे, फक्त ई-६ त्याला जगू देत नाही. त्या पेशींतून नफा कमावणाऱ्या एका कंपनीने वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

अमेरिकेतले राहू द्या, आपल्या मराठवाड्यात काय झाले? उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील ४९७ गावांत १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदा केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. दुसऱ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी केलीच नाही, ती कुठे मिळेल एवढे सांगितले. त्या गटात ६४ मृत्यू. निष्कर्ष मोलाचा आहे, तो आम्ही नाकारत नाही. परंतु तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांना आधीच माहीत असताना आमच्या खेड्यातल्या बायकांना विनातपासणी का ठेवले, यावर संशोधकांचे उत्तर असे की तिथे तपासणी नसणे हीच नेहमीची पद्धत होती. वा रे न्याय! आधी उपेक्षा करायची आणि मग त्याच उपेक्षेला मोजमापाचा दर्जा द्यायचा!

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. तरीही २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा येथील लस-प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डनच्या सह्या चालल्या. सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, पण संमतीचा प्रश्न उरलाच. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आमचे म्हणणे लस नाकारा असे मुळीच नाही. लस उपयुक्त आहे, मुलींना द्यावीच. कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो कागद मराठीत वाचून घ्या, एवढेच.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी व्हिनेगर लावून तपासणी केली, तर या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. व्हिनेगरला किती पैसे लागतात? ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हावी, असा आराखडा केंद्राने २०१६ मध्ये काढला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी तपासणी झालेल्या किती? १.९ टक्के!

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन, त्यानंतर तीनच दिवसांनी रमाई जयंती. या वर्षी विहारात भाषणांबरोबर तपासणीही ठेवा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला महिला मंडळाच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात विचारा : गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी केली, किती जणींना पुढे पाठवले, त्यांचे पुढे काय झाले? शुल्क १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या भगिनीच्या नावाने अर्ज केला तर तेही लागत नाही.