सिकलसेलचे औषध, भंडाऱ्याचा रुग्ण आणि उद्याचा डॉक्टर

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात भंडाराही होते. आपल्या जिल्ह्यात डॉक्टर घडणार, ही आनंदाचीच गोष्ट. पण हे डॉक्टर बाहेर तपासलेली औषधे फक्त लिहून देणार, की ती आपल्या माणसांवर कशी चालतात हे तपासायलाही शिकणार?

सिकलसेलचेच घ्या. पूर्व विदर्भातल्या या आजाराची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. तपासणी झाली, कार्ड हातात आले. मग औषध? मुख्य आधार हायड्रॉक्सियुरियाचा. त्याची 1995 ची गाजलेली चाचणी उत्तर अमेरिकेतल्या 299 प्रौढांवर झाली होती. भारतातला सिकलसेल मात्र बहुतांशी ‘अरब-भारतीय’ प्रकारचा. सौदीच्या पूर्व भागातल्या रुग्णांशी आपले नाते जवळचे. त्यामुळे आजार सौम्य असतो असे पुस्तकात वाचायला मिळते. विदर्भातल्या वॉर्डात वेदनेने तळमळणारी मुले पाहिली की हे सगळ्यांना लागू नाही, हे कळते.

दुसरे औषध व्होक्सेलोटर. अमेरिकेत 2019 मध्ये मंजुरी मिळाली, ती हिमोग्लोबिन वाढते या आधारावर. पुढच्या चाचण्यांत, ज्यांतले बरेच रुग्ण आफ्रिकेतले होते, औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. चाचणीत कोण आहे यावर उत्तर किती बदलू शकते, ते बघा.

अमेरिकेत 2020 पासून नव्या डॉक्टरांना खास याचेच प्रशिक्षण देणारा कार्यक्रम सुरू आहे: वस्तीत जा, विश्वास मिळवा, मग चाचणी आखा. आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत बांधायला नको. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणेही. हे तीन महिने नुसते ड्युटी भरण्यात जाऊ नयेत, एवढेच.

कारण चाचणीतून माणूस गळतो तो साध्या गोष्टींवर. हिमोग्लोबिनची अट जरा वर ठेवली की अशक्त बायका बाहेर. दर पंधरवड्याला नागपूरला या म्हटले की तुमसरचा विडी कामगार बाहेर, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे तसे सांगतात. पण ती रक्कम अर्जातच धरायला शिकवायला हवे. संमतीपत्र ग्रांथिक मराठीत, आणि समोरची बाई घरात झाडीबोली, गोंडी किंवा दखनी बोलणारी! रमजानचेही तसेच. रोज्यात पाणी बंद, आणि पाणी कमी पडले की सिकलसेलचा झटका येण्याची भीती. गोळीची वेळ सेहरी-इफ्तारला जुळते का, कॅप्सूलमधले जिलेटिन कशाचे, हे रुग्ण विचारतो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तो परत येत नाही.

लोकांची भीतीही खोटी नाही. एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात खम्मम आणि वडोदऱ्यात सुमारे 23 हजार मुलींना लस दिली गेली. कित्येक ठिकाणी संमतीवर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकांची. एप्रिल 2010 मध्ये तो थांबवावा लागला. सामावून घ्यायचे म्हणजे गरिबाला आधी सुई टोचायची, असा अर्थ निघाला तर सगळेच फसले.

उलट उदाहरण शेजारीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि 39 गावांत तो प्रयोग केला, 47 गावांशी तुलना करून. बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. 2019 च्या नियमांनुसार औषध-चाचणी तपासणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. त्यात एक सामान्य नागरिक, एक महिला, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा धर्मशास्त्र जाणणारा यांपैकी कोणीतरी असायलाच हवे. भंडाऱ्यात अशी समिती बसेल तेव्हा त्या खुर्च्यांवर पवनीचा, साकोलीचा, आपल्या मोहल्ल्याचा कोण असेल, याची विचारणा महाविद्यालयाकडे आताच करता येते.