दर अर्ध्या तासाची हजेरी
पन्नास सर्व्हरवर एकेक करून लॉगिन करायचं, तीच फाइल उघडायची, तीच ओळ बदलायची. आणि एखादं मशीन नेमकं राहून जायचं. ही हमाली वाचवायला मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ओस्लोत सीएफइंजिन लिहिलं, पुढे २००५ मध्ये ल्यूक केनीज यांचं पपेट आलं. कसं करायचं ते सांगत बसू नका, शेवटी काय असायला हवं तेवढं लिहा, हा पपेटचा खाक्या. प्रत्येक मशीनवरचा एजंट एरवी दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरच्या ८१४० पोर्टवर हजेरी लावतो, आपला कॅटलॉग, म्हणजे स्वतःला लागू असलेल्या नियमांची यादी, घेतो आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो. नियमातल्या फाइलमध्ये कुणी रात्री गुपचूप केलेला बदल पुढच्या फेरीत पुसला जातो. (मग त्याची चिडचिड ऐकावी लागते, खुशाल ऐकावी.) उभारणीतली खरी मेख प्रमाणपत्रांत आहे. नव्या एजंटची विनंती सर्व्हरवर मंजूर करावी लागते, आणि दोन्हीकडची घड्याळं फारच पुढेमागे असली, तर ताजं प्रमाणपत्रही ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारलं जाऊ शकतं. माणूस मात्र फायरवॉल तपासत बसतो! तेव्हा आधी वेळ जुळवा, होस्टनेम पक्कं करा. सरसकट ऑटोसाइन, म्हणजे येईल ती विनंती न बघता आपोआप मंजूर करणं, हा शुद्ध आळस. आणि चुकीचा नियमही त्याच अर्ध्या तासात सगळीकडे पोचतो, म्हणून तो आधी एका मशीनवर नो-ऑप (noop) मोडमध्ये चालवून बघा; काय बदलेल ते दिसतं, बदलत काहीच नाही.