कांदा, कँटीन आणि मी

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या कँटीनच्या मिसळीत कांद्याऐवजी कोबी यायला लागला. (मिसळीचा एवढा अपमान पुण्यात? असो.) मग ८ डिसेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यातच बंद केली. टेबलावर एकच सूर, "बरं झालं! ह्यांना इन्कम टॅक्स नाही, वर कर्जमाफी, आणि आता रस्ते अडवतायत." चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला होता.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा लावतात. तरी मी गप्प बसलो. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

रात्री मामांना फोन केला. म्हणाले, "अरे, उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवला असता. हा लाल कांदा, हा टिकतो का? काढला की विकायचा, मिळेल त्या भावात." म्हणजे बंदी नेमकी अशा वेळी आली, जेव्हा शेतकऱ्याला थांबताच येत नाही!

आता मजा बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत भाव इतके कोसळले, की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. तेव्हा 'मार्केट आहे, चालायचंच'. राज्याने अनुदान दिलं, पण नंतर, क्विंटलला ३५० रुपये. भाव चढला मात्र, की ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी. खाली मार्केट, वर सरकार. असा नियम तुमच्या पगाराला लावला तर?

आणि आपण कोण? निर्यातदारच की! 'देशात सॉफ्टवेअर स्वस्त व्हावं म्हणून उद्यापासून परदेशी क्लायंटचं काम बंद', असा आदेश रातोरात निघाला तर आपण रस्त्यावर उतरणार नाही?

"मग गरिबांनी काय खायचं?" प्रश्न खरा आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना महाग कांदा टोचतोच. पण त्यांना स्वस्त कांदा द्यायचा तर सरकारने तिजोरीतून द्यावा, म्हणजे माझ्या-तुमच्या टॅक्समधून. मामांच्या खिशातून का?

बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून गेलं. पण पुन्हा लावायला एक अधिसूचना पुरते. म्हणून मागणी साधी आहे: जो काही नियम करायचा तो लागवडीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. स्प्रिंटच्या मधेच रिक्वायरमेंट बदलली तर आपण केवढा थयथयाट करतो! इथे तर अख्खं पीक उभं असतं.

पुढच्या वेळी कँटीनमध्ये मी गप्प बसणार नाही. मिसळीत कोबी आला तरी.