बागेआधी जागेचा ताळेबंद



आमच्या चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला घर बांधून झालं की हल्ली पहिला फोन लँडस्केपवाल्याला जातो. तो मोबाईलवर हिरवीगार लॉन दाखवतो, आपण हो म्हणतो. मला हे पटत नाही. मी कॉमर्सची, आरंभीची शिल्लक पाहिल्याशिवाय वही पुढे लिहीत नाही.

आधी पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरलं तरी ४६५ लिटर! आपण घरात पाणी गाळून, जपून वापरायचं आणि अंगणात हे?

मग माती. दीड फुटाचा एक खड्डा घ्या. वरून माती पसरून खाली विटांचे तुकडे, सिमेंट दडपलेलं असतं, ते तिथेच कळतं. काळी माती किती, मुरूम कुठे लागतो ते पाहा. खड्डा पाण्याने भरा आणि किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून जास्त पाण्याची झाडं भिंतीलगत नकोत. मुरमाड कोपऱ्याला मात्र नाक मुरडू नका. निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा डाळिंबाला मानवते. २००५ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथून जवळ केगावला आहे.

उन्हाचंही बघा. उत्तरेची बाजू सावलीची, असं सगळे म्हणतात. हिवाळ्यात ते खरं. पण सोलापुरात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. सावलीची म्हणून तिथे लावलेली नाजूक रोपं ऐन मेअखेर होरपळतात.

"एवढी चिकित्सा कशाला, झाडंच तर लावायचीत," असं सूनबाई म्हणते. पण जागेला न मानवणारं झाड रोगट होतं, मग फवारणी येते. त्यात किती जीव जातात! खड्ड्यातही जातातच, म्हणून तो एकदाच आणि विचार करून घ्यावा. चातुर्मासात आपल्यापैकी बऱ्याच जणी खणणं टाळतात, तेव्हा ही पाहणी उन्हाळ्यातच उरका.

मुलाला लॉन हवीच आहे. त्याला म्हटलं, दहा बाय दहाची कर, आणि तिच्या नळाला वेगळं मीटर बसव.