रोखलेले बोट आणि भरतीचे सत्य

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक चित्र हमखास छापले जाते : भरघोस मिशांचे लॉर्ड किचनेर, वाचकावर रोखलेले त्यांचे बोट आणि ‘देशाला तुमची गरज आहे’ ही हाक. या भित्तिपत्रकाने लाखो ब्रिटिश तरुण सैन्यात आणले, असे सोबत ठासून सांगितले जाते. हे आम्हांस मान्य नाही.

आल्फ्रेड लीट यांचे हे चित्र मुळात ‘लंडन ओपिनियन’ साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या अंकाचे मुखपृष्ठ होते. मॉन्सच्या माघारीची वार्ता ३० ऑगस्टलाच लंडनमध्ये छापून आली होती, आणि ३ सप्टेंबर या एकाच दिवशी ३३ हजारांहून अधिक तरुणांनी नावे नोंदविली. तो भरतीचा उच्चांक. चित्राला त्याचे श्रेय देणे म्हणजे वरातीमागून घोडे. सरकारने १९१५ मध्ये काढलेल्या भित्तिपत्रकावर किचनेर होते, भाषणाचा उताराही होता. बोट मात्र नव्हते. जेम्स टेलर यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात ही दंतकथा साधार खोडून काढली आहे.

लीट यांच्याच कल्पनेवर अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी ‘अंकल सॅम’ रंगविला. त्याच्या चाळीस लाखांवर प्रती निघाल्या. तरीही मे १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावाच लागला, आणि त्याखाली सुमारे २८ लाख माणसे घेतली गेली. ब्रिटननेही जानेवारी १९१६ मध्ये हाच मार्ग धरला होता. बोटाची जादू एवढी मोठी असती, तर कायद्याचा बडगा कशाला लागला असता?

चित्र हे प्रतीक आहे, त्यावर वाद कसला, असे काही विद्वान म्हणतील. आमचा आक्षेप प्रतीकाला नाही. त्याआड माणसे झाकली जातात, याला आहे. किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशीपोटी लढल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शत्रूच्या कैदेत गेल्या. चित्रातली हाक ज्या देशाच्या नावाने होती, तो देश त्यांचा नव्हता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, तेथील मराठी वाचकाने तरी हे विसरू नये.

चित्र अवश्य छापावे. परंतु त्याखाली भरतीचे खरे आकडे द्यावेत आणि कुतचे नावही लिहावे. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे, तर एवढे तरी करायलाच हवे.