खेळाडूंच्या टीसीमागचे वास्तव

चांगले खेळणारे पोरगे आठवी-नववीत आले की गावच्या शाळेतून टीसी काढते आणि तालुक्याला, परभणीला, जमल्यास पुण्याला जाते. यावर आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया असते : पालकांना हाव सुटली, खेळात जीवघेणी स्पर्धा आली. हे निदान उलटे आहे. पालम, सोनपेठ, जिंतूरच्या खेड्यांत स्पर्धाच होत नाही, म्हणून मुले जातात.

शालेय स्पर्धांची रचना पाहा. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. कबड्डी, खो-खोत उतरतो तो शाळेचा संघ. शाळेने संघच पाठवला नाही तर खेळाडू कितीही तयारीचा असो, त्याची वाट तालुक्यालाच बंद होते. संघ बांधणार कोण? शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान सांगितले आहे. शारीरिक शिक्षणाचा निदेशक मात्र सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तिथेच, आणि तोही अर्धवेळ. खेड्यातल्या किती शाळा त्या आकड्याला पोहोचतात? म्हणजे ही गैरसोय कायद्यातच लिहून ठेवली आहे! मैदानाविना शाळा असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सुनावले. उद्या मैदान मिळेलही. शिट्टी वाजवणारा कोठून आणणार?

आणि या पायऱ्यांच्या टोकाला भाकरी आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे राज्याच्या शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. हे समांतर आरक्षण आहे, हे आपल्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. अनुसूचित जातींच्या जागांत खेळाडूंचा वाटा असतो. शिवाय खुल्या प्रवर्गातील समांतर जागाही गुणवत्तेवर आपल्या मुलांना मिळू शकतात. सौरव यादव खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. भूमिहीन मजुराच्या घरात असे प्रमाणपत्र म्हणजे दोन एकर बागायत. त्यासाठी शाळा बदलणाऱ्याला हावरट म्हणायचे? बोगस प्रमाणपत्रे विकत घेणारे निराळे. ते तर धावतही नाहीत!

टीसी काढण्याचे आणखी एक कारण पालक दबक्या आवाजात सांगतात : संघ निवडताना घर पाहिले जाते. हे दुखणे जुने आहे. पालवणकर बाळू हा आपल्या काळातला अव्वल फिरकी गोलंदाज. पुण्यात त्याला चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळे. पुढे तो मुंबईला गेला, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला दिले गेले नाही. ते 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. (हाच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, ही गोष्ट वेगळी.)

आता जे जाऊच शकत नाहीत त्यांचे पाहू. गंगाखेड, पालमकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात. त्यांची पोरेही शाळा सोडतात, टीसीविना, आणि त्यांची नावे हजेरीपटावर तशीच राहतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टी मजुरांचा मुलगा. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवले, 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ही शर्यत तो शिकला बारावीनंतर सैन्यात; भरती झाला होता 5 महार बटालियनमध्ये. पलटणीला जे दिसले ते शाळांना दिसले नाही. असे आणखी किती राहिले, याची नोंद कोणत्या पटावर आहे?

जे जाऊ शकतात, त्यांचीही टीसी अडवली जाते. खेळाडू गेला तर शाळेचा चषक जातो! अशा पालकांनी शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 वाचावे. मुख्याध्यापकाने टीसी ताबडतोब द्यायची आहे. उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि टीसी आली नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेत बदली मागण्याचा हक्क मात्र या कलमात नाही. आणि हे सारे आठवीपर्यंतच. नववीपासून हा कायदा लागू नाही, आणि 17 वर्षांखालील गटाची खरी धावपळ नेमकी तिथेच सुरू होते.