कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नव्हे, मिनिटे विचारा!

लग्नसराई जवळ आली की फोटो स्टुडिओवाले आणि व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात उतरलेले तरुण नव्या कॅमेऱ्याच्या शोधात बाजारात फिरू लागतात. आता एकाच फोटो कॅमेऱ्यात स्थिरचित्रही निघते आणि चित्रीकरणही होते. खोक्यावर '४के', '८के' ही अक्षरे ठळक छापलेली असतात. परंतु असे चित्रीकरण सलग किती मिनिटे चालेल, हे त्याच खोक्यावर सहसा आढळत नाही. हप्ते बांधून यंत्र घेणाऱ्या धंदेवाल्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक उणीव नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मर्यादा आजची नाही. २००८ साली निकॉनचा डी९० बाजारात आला, तेव्हा तो ७२०पी दर्जाचे चित्रीकरण एका वेळी फक्त ५ मिनिटे करू शकत असे. त्याच वर्षीच्या कॅननच्या ५डी मार्क २ मध्ये फुल एचडी चित्रीकरण सुमारे १२ मिनिटांत थांबे. कारण जुन्या फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पुढे मोठी कार्डे व नवी पद्धत आली, कॅमेरेही एकामागून एक फाइली आपोआप जोडू लागले, आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

दुसरी मर्यादा जकातीची होती. युरोपीय संघाच्या नियमानुसार जो कॅमेरा ठरावीक दर्जाचे चित्रीकरण सलग ३० मिनिटे किंवा अधिक करील, तो व्हिडिओ कॅमेरा गणला जाई व त्यावर ४.९ टक्के किंवा त्याहून जास्त आयात शुल्क बसे. फोटो कॅमेऱ्याला हे शुल्क नव्हते. म्हणून अनेक कंपन्यांनी आपली यंत्रे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबविली! युरोपच्या जकातीचा हा काच आपल्याकडच्या शूटिंगवाल्यालाही सोसावा लागला, कारण तेच नमुने येथेही विकले जात. २०१५ मध्ये झालेल्या जागतिक करारानंतर ते शुल्क टप्प्याटप्प्याने गेले आणि नव्या कॅमेऱ्यांतून हे बंधनही सुटत चालले आहे. तथापि सेकंडहँड बाजारात जुने नमुने आजही विकले जातात, हे विसरू नये.

तिसरी मर्यादा उष्णतेची. ती कोणत्याही कराराने हटणारी नाही. फोटो काढताना सेन्सर क्षणभर राबतो आणि विसावा घेतो. चित्रीकरणात त्याला विसावाच नसतो. ८के च्या एका चौकटीत सुमारे ३ कोटी ३२ लाख बिंदू असतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर जवळजवळ १०० कोटी बिंदू दर सेकंदाला वाचायचे, आवळायचे आणि कार्डावर लिहायचे. त्यातून निघणारी उष्णता लहानशा बंदिस्त सांगाड्यात कोंडते. ठरावीक तापमान ओलांडले की कॅमेरा स्वतःच बंद पडतो. २०२० साली कॅननने आर५ आणला, तेव्हा कंपनीनेच जाहीर केले होते की २३ अंश तापमानात ८के चित्रीकरण सुमारे २० मिनिटे चालेल. पुढे २०२२ मध्ये त्याचाच पंखा बसविलेला आर५ सी निघाला. पॅनासॉनिकने तर २०१९ मध्येच एस१एच मध्ये पंखा दिला होता. म्हणजे उपाय आहे. पण त्यासाठी आकार, वजन आणि किंमत मोजावी लागते.

आता २३ अंश म्हणजे वातानुकूलित खोली. मे महिन्यात नागपूर किंवा मालेगावच्या मांडवात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे कॅमेरा किती टिकेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. निकाहाचे ईजाब-कबूल असो की मंगलाष्टके, तो क्षण पुन्हा येत नाही. यंत्र थांबले तर गिऱ्हाईक कंपनीला नव्हे, शूटिंगवाल्याला जाब विचारते. त्याचे पैसेही अडतात आणि नावही जाते.

काहीजण म्हणतील, फोटो कॅमेरा फोटोसाठीच असतो, चित्रीकरण हवे तर वेगळे यंत्र घ्या. म्हणणे वावगे नाही. पण मग जाहिरातीत '८के' हे अक्षर सर्वांत मोठे का? ज्या गुणावर माल विकायचा, त्याची मर्यादाही त्याच ठिकाणी सांगणे हा सचोटीच्या व्यापाराचा पहिला नियम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालाचा दर्जा व मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. सलग चित्रीकरणाची मिनिटे आणि ती कोणत्या तापमानात मोजली, हे दोन आकडे खोक्यावर छापलेच पाहिजेत, अशी आमची मागणी आहे.

तोपर्यंत आमच्या व्यावसायिक बांधवांनी स्वतः सावध राहावे. पैसे देण्यापूर्वी यंत्र एक दिवस भाड्याने आणून पाहावे आणि ज्या दर्जाचे काम करायचे त्याच दर्जावर, पंखा बंद करून, तासभर चालवावे. बहुतेक गिऱ्हाइकांना ८के लागतही नाही. फुल एचडी किंवा साध्या ४के वर यंत्र अधिक टिकते. मुख्य विधीला दोन कॅमेरे लावून त्यांची सुरुवात काही मिनिटांच्या अंतराने करावी. दुकानदार बांधवांनाही आमचे सांगणे आहे की, गिऱ्हाइकाने न विचारताही मिनिटे सांगा. एखादा सौदा हातचा जाईल, पण सांगून विकणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते.